मामाचं आडनाव

या महिन्यात पोस्टानं आलेली तीन आणि मोबाइलवर आलेली दोन पत्रं एकाच माळेत ओवण्यासारखी निघाली. म्हणून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे आणि 'फोन हँग होतो' वाले प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका. नव्या वाचकांसाठी सांगते, मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. त्यातली पहिली दहा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन हातानं जोडायच्या ट्रंक बोर्डावर. डोक्यावर हेडसेट, हातात कॉर्ड आणि कानात अख्खा तालुका. या सदराचं नाव 'ट्रंक कॉल' आहे ते त्यामुळे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीचा बायोडाटा दोन वर्षांपूर्वी आम्ही समाजाच्या तीन वधू-वर ग्रुपवर टाकला होता. देवाच्या कृपेनं लग्न झालं, ती सासरी सुखात आहे. पण अजून तिला अनोळखी मुलांचे मेसेज येतात. गेल्या महिन्यात नणंदेनं तिला दाखवलं, इन्स्टाग्रामवर तिच्याच फोटोचं कुणी दुसरंच अकाउंट काढलंय. फोटो बायोडाट्यातलाच, अबोली साडीतला. 'आता सासरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही,' म्हणून ती रडते. बायोडाटा सोबत जोडलाय. आमचं कुठं चुकलं? — एक आई, सातारा

उत्तर : आधी हातातलं काम उरकू, मग चूक शोधू.

त्या खोट्या अकाउंटचं नाव, त्याची लिंक आणि आत जे दिसतं त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे. हे सगळ्यात आधी. लोक संतापून लगेच रिपोर्ट करतात, अकाउंट उडतं आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. त्यानंतर मुलीनं स्वतःच्या अकाउंटवरून 'ही व्यक्ती माझं सोंग घेतेय' अशी तक्रार करायची. मावशी-काकूंनी पन्नास तक्रारी करण्यापेक्षा जिचा फोटो आहे तिची एक तक्रार भारी पडते. अशा तोतया खात्यांवर कारवाई करायला केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली, तेव्हा पाठपुरावा करा, उपकार मागतोय असं समजू नका. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, जवळच्या ठाण्यातही. पोलीस अशा प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमं लावतात. तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्या अकाउंटवरून कुणाकडे पैसे मागितले असतील तर थांबू नका, १९३० ला फोन लावा.

आणि तोंड दाखवायचं म्हणाल, तर ते खोटं अकाउंट काढणाऱ्यानं लपवायचं. तुमच्या मुलीनं काय केलंय? शिवाय ते तिला कुणी दाखवलं? नणंदेनं. पाठीमागं कुजबुजली नाही, पुढ्यात आणून दाखवलं. पोरगी चांगली आहे, तिला धरून राहायला सांगा.

आता तुमचा बायोडाटा. फाइलचं नाव 'फायनल न्यू टू', म्हणजे आधी निदान दोन तरी झाले असणार. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला. वर गणपती. मग पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ पहाटे ५ वाजून ४२ मिनिटं, जन्मस्थळ. रास, नक्षत्र, गण, नाडी, देवक. उंची, रक्तगट. कंपनीचं नाव, कोणत्या शाखेत, पॅकेज. वडील कुठून निवृत्त झाले. गावाकडची शेती किती एकर, बागायत किती. फ्लॅट नंबर, मजला, सोसायटी. दोन मोबाइल नंबर. आणि सगळ्यात खाली, आपल्याकडे असतं तसं, मामाचं नाव-गाव आणि सोयऱ्यांची आडनावं.

ताई, बँकेत खातं उघडताना विचारतात ना, 'मदर्स मेडन नेम'? आईचं माहेरचं आडनाव. ते म्हणजे मामाचं आडनाव. तुम्ही ते जन्मतारखेच्या शेजारी, मोबाइल नंबराच्या वर, सुवाच्य टायपात छापून तीन ग्रुपवर वाटलंत. एका ग्रुपात हजारभर माणसं असू शकतात आणि त्यातला प्रत्येक जण पुढे ढकलू शकतो. मुलीच्या नावानं बँकेला फोन करणाऱ्याला आणखी काय लागतं? ती सकाळी कुठल्या शाखेत जाते तेही लिहिलंय.

तुम्हाला नावं ठेवत नाही. माझ्या मुलाचा बायोडाटा मी असाच केला होता, गणपती थोडा मोठा होता एवढंच. पूर्वीही आपण ही सगळी माहिती देतच होतो की. पण ती मध्यस्थाच्या खिशातून जायची. पत्रिका आणि फोटो पाकिटातून जायचा आणि नाही जमलं तर परत यायचा. फोटो परत आला की घरात त्या दिवशी कुणी काही बोलत नसे. आई नुसतीच पाकीट कपाटात ठेवायची. वाईट वाटायचं, पण फोटो घरी यायचा. आता नकार कळतसुद्धा नाही आणि फोटो परतही येत नाही.

धाकटीचं बघायचं असेल तर दोन कागद करा. पहिला ग्रुपसाठी : पहिलं नाव, जन्माचं साल, शिक्षण, कामाचं क्षेत्र, तालुका आणि संपर्काला तुमचा किंवा तिच्या वडिलांचा नंबर, मुलीचा नाही. पत्रिका, पत्ता, मामा, सोयरे हा दुसरा कागद. समोरच्या घराशी एकदा फोनवर बोलणं झाल्यावर, त्या घरालाच. फोटो एकच द्या आणि त्यावर आडवं लिहा, 'स्थळासाठी, अमुक ग्रुप, अमुक महिना'. दर ग्रुपला वेगळं नाव घाला, म्हणजे उद्या फोटो कुठं उगवला तर कुठल्या बांधावरून पाणी फुटलं ते कळेल. आणि लग्न ठरलं की पेढ्यांबरोबर आणखी एक काम करायचं, ग्रुपच्या ॲडमिनला फोन करून तो बायोडाटा काढायला लावायचा. ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांच्याकडचा जाणार नाही, हे खरंच आहे. पण नव्यानं येणाऱ्यांना तरी मिळणार नाही.

प्रश्न : आजी, मी दहावीत आहे. माझी आई मी जन्मल्यापासून माझे फोटो फेसबुकवर टाकते. मी बालवाडीत असताना गोकुळाष्टमीला राधा झाले होते, तेव्हा रडतानाचा, नाक वाहतानाचा फोटो आहे. वर्गातल्या कुणाला तरी तो सापडला आणि आता त्याचं स्टिकर झालंय. चाचणीत कुणाला कमी मार्क पडले की ग्रुपवर तेच पडतं. आईला सांगितलं तर म्हणते, 'किती गोड दिसतेस, आणि जन्म कुणी दिला तुला?' माझा फोटो माझा नाही का? — नाव छापू नका, नाशिक

उत्तर : बाळा, नाव छापत नाही. शाळेचंही काढून टाकलं.

तू कायद्याचं विचारलंस म्हणून खरं तेच सांगते, थोडं कडू आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती कंपनीनं वापरायची तर आईबापांची संमती लागते. म्हणजे तुझ्या वतीनं 'हो' म्हणणारी बाई तुझी आईच. शिवाय माणसानं स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा तिथं लागूच होत नाही. तेव्हा तो आईपुढं आपटण्यात अर्थ नाही.

पण दुसरी एक गोष्ट आपट. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातले न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी तुमच्या वयाच्या मुलांबद्दल मुद्दाम लिहिलंय. माणसं विसरतात, इंटरनेट विसरत नाही आणि माणसालाही विसरू देत नाही. आणि लहानपणीच्या अजाणतेपणाचे परिणाम मुलांनी जन्मभर का भोगावेत, असा त्यांचा मुद्दा. राधेचा फोटो तर तुझी चूकसुद्धा नव्हती. तू फक्त रडत होतीस.

आता फोन आईकडे दे.

बाई, तुम्ही जन्म दिलात यात वाद नाही. माझी एक गोष्ट ऐका. माझ्या बहिणीच्या मुलीला दिवस गेले. तिनं मला सांगितलं, म्हणाली, 'मावशी, तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला नको.' हा आपला जुना नियम, कुणी कायदा करून लावलेला नाही. मी हो म्हटलं. त्या रात्री घराण्याच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता, सगळे अभिनंदन करत होते, मला राहवलं नाही. मी लिहिलं, 'आणखी एक गोड बातमी आहे बरं का, ओळखा.' दहा मिनिटांत सगळ्यांनी ओळखलं. ग्रुपात त्रेसष्ट माणसं. तिच्या सासूबाईंना ते माझ्या ओळीवरून कळलं. पुढं नवव्या आठवड्यात ते राहिलं नाही. मग तिला फोन यायला लागले, 'कितवा लागला ग?' प्रत्येकाला तिनं वेगळं सांगायचं, प्रत्येक वेळी नव्यानं. मी माफी मागितली तेव्हा ती काही बोलली नाही, नुसतं 'असू दे मावशी' म्हणाली. ते 'असू दे' मी अजून विसरले नाही. आणि ही मी, दहा वर्षं तालुक्याची गुपितं पोटात ठेवलेली बाई.

चोरानं नाही केलं हो. मायेनं केलं. आपल्या घरातलं बाहेर जातं ते बहुतेक असंच जातं, कौतुकाच्या हातानं. फोटो टाकू नका असं मी म्हणत नाही. आज संध्याकाळी दोघी बसा, पंधरा वर्षांचे फोटो वरून खाली बघा, तिनं 'हा नको' म्हटला की कारण न विचारता काढा. बाकीचे 'फक्त मी' करून ठेवले तर तुम्हाला दिसतील, वर्गाला नाही. माझा अंदाज, निम्मे ती ठेवूच देईल. आणि स्टिकर करणाऱ्या पोरांचं वर्गशिक्षिकांच्या कानावर घाला; ते मुलीवर सोडू नका.

प्रश्न : महाबळेश्वरला जाण्याआधी लॉजवाल्यानं सगळ्यांची आधार कार्डं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली. पाठवू का? — कोल्हापूर

उत्तर : 'मास्क्ड' आधार पाठवा. आधारच्या सरकारी वेबसाइटवरून मिळतं, त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात. नाही म्हणाला तर तिथं पोचल्यावर मूळ कार्ड दाखवा. स्ट्रॉबेरी आणा.

प्रश्न : ताई, आपण प्रायव्हसी प्रायव्हसी म्हणून लोकांना उगाच घाबरवता असे माझे स्पष्ट मत आहे. मी ३४ वर्षे कारकुनी केली, माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही. आपल्याच खात्याने टेलिफोन डिरेक्टरी छापली होती. त्यात कलेक्टरपासून शिंप्यापर्यंत प्रत्येकाचे नाव, पत्ता, नंबर होता. तेव्हा कोणाचे काय बिघडले? — एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, डिरेक्टरीचा मुद्दा बिनतोड काढलात. मी दोन दिवस त्यावर विचार करत होते.

डिरेक्टरीत नाव शोधलं की नंबर मिळायचा. पण तुम्ही कुणाला फोन करता, किती वाजता, किती वेळ, आणि फोन ठेवल्यावर कुठं जाता हे त्यात नव्हतं. ते कुणाला ठाऊक होतं सांगू? मला. गुळाच्या एका व्यापाऱ्याचा सौदे सुरू व्हायच्या आधी लाइटनिंग कॉल असायचा, म्हणजे सगळ्यांच्या आधी जोडायचा. साध्या दराच्या आठपट पैसे, म्हणजे भाव हलणार हे मला बाजाराच्या आधी कळायचं. एक गृहस्थ दर मंगळवारी मिरजेला पी.पी. कॉल बुक करायचे, म्हणजे अमुक माणूस असेल तरच जोडा. ते माणूस त्यांच्या घरचं नव्हतं. कुणाच्या मुलाचा दुबईहून फोन येणं बंद झालं, कुणाचा डॉक्टरला रात्री दोनला गेला, सगळं बोर्डावर दिसायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सुपरवायझर बाईंनी १८८५ चा टेलिग्राफ कायदा वाचून दाखवला होता : कानावर पडलेलं बाहेर सांगितलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण खरं सांगू, कायद्यापेक्षा बाजाराची भीती जास्त. मंगळवारच्या बाजारात त्या गृहस्थांची आणि माझी गाठ पडायची. ते मेथीची जुडी घेत असायचे, मीही. माझं तोंड त्यांना ठाऊक होतं.

आजच्या ऑपरेटरला तोंड नाही. आणि ऐकलेलं विसरायची त्याला गरज नाही, उलट त्याचा धंदाच ते लक्षात ठेवण्यावर चालतो. तुम्ही गुडघ्याच्या तेलाची जाहिरात पाच सेकंद जास्त बघितली, तेही.

लपवण्यासारखं नाही म्हणता, तर २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण आठवा. फेसबुकवरच्या एका ॲपमधून लोकांची माहिती या राजकीय प्रचाराच्या कंपनीच्या हाती गेली होती. फेसबुकच्याच सांगण्यानुसार भारतात ३३५ जणांनी ते ॲप घेतलं होतं. माहिती गेलेली असू शकते असे भारतीय किती? ५ लाख ६२ हजारांच्या वर. कारण ॲप घेणाऱ्यांच्या मित्रयाद्याही उघड्या पडल्या. तुमच्याकडे लपवण्यासारखं नसेल, पण तुमच्या फोनमध्ये तुमच्या सुनेचा नंबर आहे, तुमच्या जुन्या साहेबांचा आहे, ज्या डॉक्टरीणबाईंकडे चेकअपला जाता त्यांचाही आहे. एखादं फुकटचं राशिभविष्याचं ॲप 'काँटॅक्ट्स बघू का' विचारतं तेव्हा तुम्ही 'हो' दाबता ते त्या सगळ्यांच्या वतीनं.

आणि आपल्याच राज्यातलं एक. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीनं त्याला नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली. पुढं त्यांच्यावरचा खटला बंद झाला, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ ए कलमाखाली हे झालं ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्दच केलं. पण मधल्या काळात त्या पोरींना ते सोसावं लागलंच ना? त्यांच्याकडंही लपवण्यासारखं काही नव्हतं दादा. म्हणूनच तर त्यांनी उघड लिहिलं.

प्रश्न : काकू, मी परभणी जिल्ह्यातला, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. इन्स्टावर मी काही लिहिलं की कमेंटमध्ये कुणी तरी विचारतंच, 'भावा, पूर्ण नाव काय?' सांगितलं की सूरच बदलतो. म्हणून मी आडनाव काढून टाकलं. बाबांना चुलत भावानं दाखवलं, ते म्हणाले, 'आपल्या आडनावाची लाज वाटते काय तुला?' शिवाय टोपणनावानं माझं दुसरं अकाउंट आहे, तिथं कविता टाकतो, वाचणारे दीडशेसुद्धा नाहीत, पण तिथं मोकळं वाटतं. मग यातला खरा मी कोणता? — विद्यार्थी, पुणे

उत्तर : 'पूर्ण नाव काय' म्हणजे काय विचारतात ते इथं बसून मलाही कळतं. आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात खुर्ची पुढं ओढतो नाही तर मागं सरकवतो. ते उत्तर प्रत्येक अनोळखी माणसाला द्यायला तू बांधील नाहीस.

आम्हा बोर्डावरच्या मुलींना नाव सांगायची मनाईच होती. 'नंबर प्लीज' एवढंच. रात्रपाळीला लोक विचारायचे, 'बाई, आवाज गोड आहे, नाव काय?' मी म्हणायचे, 'चौदा नंबर.' दहा वर्षं मी चौदा नंबर होते आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही. उलट ती एक भिंत होती. राम गणेश गडकरी कविता गोविंदाग्रज नावानं लिहायचे, विनोद बाळकराम नावानं आणि नाटकं स्वतःच्या नावानं. हिशेबानं तीन अकाउंट. त्यातले खरे गडकरी कोणते, असं कुणी विचारत नाही. तुला का विचारावं?

बाबांचं मात्र नीट ऐकून घे. ज्या आडनावानं तुला त्रास होतो त्याच आडनावानं त्यांनी गावात उभं राहून दाखवलं असेल, म्हणून ते लागलं. चुलत भावाकडून कळलं हे जास्त लागलं. सुट्टीत गेलास की कमेंट वाचून दाखव, तुझ्या तोंडून सारवासारव नको, त्या लोकांचे शब्दच ऐकू देत. ते काय म्हणतील मी सांगू शकत नाही. कदाचित 'पूर्ण नाव ठणकावून लिही' म्हणतील. तेही चुकीचं नाही.

कवितेच्या अकाउंटबद्दल दोन कामाच्या गोष्टी. ते तू त्याच मोबाइल नंबरवर काढलंयस असं दिसतं. मग ज्यांच्याकडे तुझा नंबर आहे, त्यांना कधी तरी 'हे तुमच्या ओळखीचे असतील' म्हणून तेच पुढं येणार. चुलत भाऊ धरून. वेगळ्या ईमेलवर ठेव, नंबर काढ आणि सेटिंगमध्ये जाऊन काँटॅक्ट जुळवणं बंद कर.

दुसरं, तू पाठवलेला व्हिडिओ बघितला. तोंड दाखवत नाहीस, आवाजही बदललायस, ते ठीक. पण तुझ्या मागं मेसचा फळा दिसतो. त्यावर मेसचं नाव आहे, वार आहे आणि खाली 'आज भरली वांगी' लिहिलंय. आधी तो फळा झाक.